लक्षीची काळी नखं

लक्षी, तुझा तो काळा टोप आये आज टाकायला निघाली होती. दिवस घालून झाले, पाहुणे गेले, घर सारवून झालं, आणि तिची नजर पडवीतल्या त्या टोपावर गेली. राखेनं घासला, चिंचेनं घासला, रंग काही हलला नाही. मी तिच्या हातातून टोप हिसकावून घेतला. ती माझ्याकडे बघून आत गेली. तुझ्यामागं माझा सगळा राग तिच्यावर निघतो, हे तिलाही कळतं आणि मलाही. घरात आता आम्ही मायलेक दोघंच आहोत, मग आणखी कुणावर निघणार?

दिवसांना आलेली माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. मोखाड्याकडचे पाहुणे म्हणाले, गुणाची होती, तोंडातून शब्द निघायचा नाही. मला त्याही स्थितीत हसू आलं. तुझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही? बाहेरच्यांपुढं तू पदर नीट करून गप्प बसायचीस, आणि घरात पाऊल टाकलं की माझ्या प्रत्येक वाक्याला तुझं एक वाक्य तयार. गुणाची वगैरे तू नव्हतीस. तू भांडकुदळ होतीस आणि बहुतेक भांडणांत तुझंच बरोबर असायचं. हे तुला तोंडावर एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू महिनाभर पाड्यात मिरवलं असतंस.

मी ड्रोन आणला तो दिवस आठवतो? नाशिकच्या एका फोटोवाल्यानं वापरून टाकलेला, पांढराशुभ्र, एका पायाला चीर गेलेला. जव्हारच्या बाजारातलं माझं ते फोटोचं खोपटं, लग्नाच्या शूटिंगवर चाललेलं आपलं घर, आणि आता हे उडतं यंत्र. मी उंबऱ्यातून आत आणलं तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आजवर जमिनीवरून धड फोटो काढता आलं नांय, आता उंटावरनं शेळ्या हाक." मग हात धुऊन तूच पहिली अंगणात आलीस. फोनच्या पडद्यावर आपला पाडा वरून दिसला तेव्हा तू कौलं मोजत गेलीस आणि आपल्या छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या सापडल्यावर लहान पोरीसारखी ओरडलीस. "मना दाभोशाचा धबधबा असाच वरून दाखव," म्हणालीस. मी म्हटलं, दाखवतो. दोन वर्षं तेच म्हणत होतो.

पहिल्याच हंगामात ड्रोन पडला. भाताच्या कापलेल्या शेतात, पन्नासेक बगळे बसले होते, त्यांच्यात. आपण दोघं बांधावर उभे, आणि कुठला बगळा आणि कुठला ड्रोन ते कळेना. तू टाळ्या वाजवून बगळे उडवलेस आणि जो उडाला नाही तो आपला, असं म्हणून चालत जाऊन उचलून आणलास. तिथंच रंगाची गोष्ट निघाली. तू म्हणालीस, ह्याला केशरी कर, पळसाच्या फुलासारखा, म्हणजे रानात पडला तरी सापडेल. मी म्हटलं, काळा करायचा. त्या बांधावर सुरू झालेला वाद आपण शेवटपर्यंत संपवला नाही.

माझ्याकडे कारण होतं. त्या वर्षी एका लग्नात नवऱ्याकडच्यांनी सगळ्यांदेखत माझी खिल्ली उडवली होती. हे काय पांढरं खेळणं आणलंय, आमच्याकडं येतो तो ड्रोन काळा असतो. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. जुन्या बनावटीच्या ह्या यंत्राचे सुटे भाग मिळायचे ते पांढरेच. पंखे पांढरे, पाय पांढरे, पंख्यांभोवतीची कडी पांढरी. म्हणून मी जव्हारहून फवाऱ्याचा डबा आणून सगळ्यावर काळा मारला. दुसऱ्या दिवशी उडवला तर हिवताप आल्यासारखा थरथरायला लागला. रंगाचा थर एका पात्यावर जाड, एकावर पातळ. तू बघत होतीस. "नाकापरीस मोती जड जाहला," म्हणालीस आणि आत गेलीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

मग सांगितलंस. लग्नाआधी चार वर्षं तू आईबापांबरोबर भिवंडीला कापड रंगवायच्या कारखान्यात होतीस, हे मला माहीत होतं, पण तिथं तू काय करायचीस ते मी कधी विचारलं नव्हतं. तू म्हणालीस, "वरतून लावायचा नांय. आत जाऊ द्यायचा. कापडाला जातो, तसा ह्यालापन जाईल." मी लगेच बाजारातून कापडाच्या रंगाची पुडी आणली आणि तुला न विचारता पंखे उकळत्या पाण्यात टाकले. एक तर ते पालथ्या घड्यावर पाणी. रंग नुसता राखाडी डाग ठेवून धुऊन गेला. आणि वर ते पंखे वाळत घातलेल्या कारल्याच्या कापांसारखे वळले. तू ते एकेक उचलून बघितलेस. "हा सुती कापडाचा रंग. तुना पंखा काय सुती आहे?" आणि मग इतकी हसलीस की तुला चुलीपाशी बसावं लागलं.

पुढचं सगळं तुझं. भिवंडीच्या ओळखीतून नायलॉनच्या कापडाचा रंग तू मागवलास. जव्हारच्या चायनीजच्या गाडीवरून बाटलीभर व्हिनेगर आणायला लावलंस. पाणी कधी पुरे तापलं, हे तू टोपाच्या तळाकडे बघून सांगायचीस. बुडबुडे नागलीच्या दाण्याएवढे आले की भाग सोडायचे. तुरीएवढे झाले की टोप खाली, नाहीतर प्लास्टिक मऊ पडतं. घड्याळ नाही, मोजमाप नाही. बारीक तारेला पंखे अडकवून तू सारखी हलवत राहायचीस, आणि वर काढलेला पंखा बोटांच्या टोकांनी चाचपून बघायचीस, वळला तर नाही, खरखरीत तर झाला नाही. पंखे सुईवर तोलून बघायचं काम माझं. तुझ्या हातचे पंखे सुईवर जवळजवळ आडवे राहायचे. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा, आणि मी म्हणायचो, चाललं, बरं जमलंय.

रबराचे हातमोजे आणतो म्हणालो होतो. प्रत्येक वेळी जव्हारहून येताना विसरलो. तुझी बोटं काळी व्हायची. कातडीचा रंग आठवड्यात जायचा, नखांचा जायचा नाही, नख वाढेल तसा पुढं सरकायचा. तू नखांच्या मुळाशी आलेली पांढरी कड दाखवून म्हणायचीस, "बघ, नवां पीक आलां."

आणि सारा वेळ वाद. तुझं म्हणणं, लग्नाच्या मांडवावरून काळं फिरवू नये. नवरीच्या अंगाला हळद लागलेली, आणि डोक्यावर तुझा तो कावळा! मी म्हणायचो, जग कुठं चाललंय आणि तू काय घेऊन बसलीस. तू म्हणायचीस, जग जाऊ दे कुठं जायचां तठं, पडला तर दिसायला नको? मी काळ्यावर अडून राहिलो आणि तू मला काळा रंगवून देत राहिलीस. भांडत भांडत, पण रंगवून देत राहिलीस.

आता ते सांगतो ज्यासाठी बसलो आहे.

दाभोशाच्या लग्नाचं काम आलं तेव्हा तू आधीच खोकत होतीस. थंडी कडाक्याची होती. तीन दिवस अंगात ताप, तरी चुलीपाशी बसून तू नवा संच रंगवलास, कारण मी मागं लागलो होतो. चौथ्या दिवशी तुला पाय ओढत चालताना बघून मी आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेलो. नर्सबाई नाशिककडच्या, आपल्या पाड्यात लसीला येतात त्याच. त्यांनी छाती तपासली, बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्र्याऐंशी. त्यांनी दुसऱ्या बोटाला लावला. पुन्हा तेवढाच.

"आजच जव्हारला न्या," त्या म्हणाल्या. "आकडा फार खाली आहे."

मी हसलो, लक्षी. मी चक्क हसलो. म्हटलं, "बाई, नखं बघा की तिची. रंग आहे तो. यंत्र फसतंय."

त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन तुझं नख घासलं. निघतोय कुठला! तुझाच रंग तो. त्या म्हणाल्या, रंगानं थोडा फरक पडतो असं म्हणतात, पण इतका पडेल का? आणि मग मी त्यांना शिकवलं. माझं सगळं आयुष्य कॅमेऱ्यात गेलेलं. म्हटलं, त्या चिमट्यात एका बाजूनं उजेड सोडतात, दुसऱ्या बाजूनं मोजतात. मध्ये काळं नख आलं तर उजेड पोचणार कसा? कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढला तर काळाच येणार ना? असं पटवून सांगितलं की त्या विचारात पडल्या. मला उद्याचं लग्न दिसत होतं. जव्हारला गेलो असतो तर ते गेलं असतं. तेव्हा मी हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, पण ते तसंच होतं.

तेवढ्यात तू बोललीस. खोकत खोकत, डोळ्यांत तीच खोडकर चमक आणून. "मंग पायाचे बोटाला लावा ना बाई. तठं रंग नांय." आणि पाय थोडा पुढंसुद्धा केलास.

मी म्हटलं, "काहीतरीच. बाईंच्या हातात पाय देतेस?" आणि तुझ्या लुगड्याचा काठ ओढून पाय झाकला. नर्सबाई हसल्या. तूही हसलीस. मागं लेकरं घेऊन बाया खोळंबल्या होत्या. बाईंनी गोळ्या दिल्या, चिठ्ठी लिहिली, आणि म्हणाल्या, "तरी उद्या सकाळी न्याच." मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सकाळी मी निघालो तेव्हा तू गोधडीत बसून होतीस, आडवं झालं की दम लागतो म्हणून. बॅग भरताना म्हणालीस, "मांडवाचे वर नको नेऊ. कडंकडंनं उडव." मी म्हटलं, "तू पडून राहा. मला शिकवू नको."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

उडवताना फोन त्या रिमोटला लावावा लागतो, तोच पडदा. मध्येच कुणाचा फोन आला की चित्र तुटतं, म्हणून मी तो बंद करून ठेवतो. म्हणजे पडदा चालतो, पण फोन लागत नाही. हे तुला ठाऊक होतं. आयेला नव्हतं. ती शेजारच्या पोरीकडून नंबर लावत राहिली. शेवटी तिनंच जीप थांबवली, दोन बायांनी तुला उचलून बसवलं. मी त्या वेळी नवरानवरीला कडेला उभं करून दाभोशाचा धबधबा वरून टिपत होतो. थंडीतलं पाणी, बारीक धार. उतरवताना मनात आलं, हे तुला दाखवायचं. फोन सुरू केला आणि तो वाजला. जीपवाला म्हणाला, "दादा, जव्हारला या." तू कशी आहेस ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू घाटातच थांबली होतीस.

ते चित्रण अजून तसंच आहे. एकदा बघितलं. धबधबा नाही बघितला, कडेला कुठं रस्ता दिसतो का, त्यावर एखादी जीप दिसते का, ते बघत बसलो. दिसत नाही. तो रस्ता डोंगराच्या पलीकडे आहे.

तुला आंघोळ घातली तेव्हा बाया नखांपाशी अडल्या. अहेव बाई, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि नखं काळी. आये लिंबू घेऊन बसली आणि एकेक नख घासत राहिली. नाही निघालं. मग तिनं दहाही नखांवर हळदीचा लेप दिला. पिवळ्याखालून काळं दिसतच होतं. मी दारात उभा होतो. नखांच्या मुळाशी पांढरी कड नव्हती, रंग अगदी ताजा होता.

मग पाड्यात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं काळ्या ड्रोनची नजर. ते मी सोसलं. पण बाकीचे म्हणायला लागले, नर्सबाईनं बोटाला चिमटा लावला आणि गोळ्या देऊन वाटेला लावलं. आकडा कमी दिसत होता तर सोडलं कसं? हे बोलणं वाढत गेलं. तुझ्या दिवसांना जमलेल्या माणसांत एकानं जोरात सांगितलं, तिला पाड्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं दुःखानं. अर्धं दुःखानं होतं.

त्याच दिवशी नर्सबाई आल्या, लक्षी. कुणी अडवलं नाही, पण कुणी पाणीही विचारलं नाही. आयेनं विचारलं. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं. रंगामुळं आकडा चुकतोय असं मी धरून चालले. मीच जीप बोलवायला हवी होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळा पाडा समोर होता. मी हात जोडले फक्त. माफ केल्यासारखे.

तू असतीस तर तिथंच सगळ्यांपुढं माझी हजामत केली असतीस.

त्यानंतर एक किडा डोक्यात वळवळत राहिला. रंगानं खरंच आकडा चुकतो का? चुकत असेल तर तू इतकी आजारी नव्हतीस, मग काही अचानक झालं, मग ते कुणाच्याच हातात नव्हतं. मी त्या आशेला धरून बसलो होतो. माणूस किती खाली जातो बघ. आणि चुकत नसेल तर? ते मला कळायलाच हवं होतं.

आयेच्या हातातला टोप हिसकावला तो त्यासाठी. तू उरलेला रंग कधी फेकायची नाहीस, पुन्हा चालतो म्हणून बाटलीत ठेवायचीस. बाटली फडताळात होती, बुचाला तुझ्याच हातानं फडकं गुंडाळलेली. चूल पेटवली. बुडबुडे नागलीएवढे होईपर्यंत थांबलो, मग सोसवेल इतकं निवू दिलं आणि डावा हात आत घातला. तू इतक्या वेळा कसं सोसायचीस? नखं चांगली काळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा बुडवली. आये दारातून बघत होती. तिला वाटलं मला वेड लागलं. ती रडत म्हणाली, "पोऱ्या, तूपन जासील का?" मी म्हटलं, उपकेंद्रात जाऊन येतो.

तिथं लसीला आलेल्या आपल्याच पाड्यातल्या बाया होत्या. मी नर्सबाईंच्या समोर हात ठेवला. त्यांनी नखं बघितली आणि त्यांना कळलं. त्यांनी चिमटा काढला, काळ्या बोटाला लावला. लाल उजेड लागला. आकडा थोडा मागंपुढं झाला आणि थांबला.

अठ्ठ्याण्णव.

त्यांनी दुसऱ्या काळ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. उजव्या हाताच्या कोऱ्या बोटाला लावला. तोच आकडा. माझ्या त्या झाकणाच्या हुशारीला यंत्रानं जुमानलं नव्हतं. तुझा त्र्याऐंशी खरा होता, लक्षी. पहिल्या बोटापासून खरा होता.

मी मागं वळून बायांना सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी जव्हारला न्यायला सांगितलं होतं. मी म्हणालो यंत्र चुकतंय. मला लग्नाला जायचं होतं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. एवढं सांगायला मला किती वेळ लागला कोण जाणे. एका बाईचं लेकरू रडत होतं, तिनं त्याला पाजायला घेतलं. नर्सबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग मी चप्पल काढली. धुळीनं भरलेला पाय, तसाच उचलून त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. म्हटलं, "बाई, आता इथं लावा."

त्या म्हणाल्या, "काय गरज आहे? कळलं ना आता."

मी म्हटलं, "ती म्हणाली होती."

बाई खाली वाकल्या. माझ्या पायाच्या बोटाची धूळ त्यांनी आपल्या हातानं पुसली आणि चिमटा लावला. इतकं सोपं होतं ते. त्यांना त्यात काही वाटलंसुद्धा नाही. आकडा आला, त्यांनी वाचला, आणि थोड्या वेळानं विचारलं, "काढू आता?"

मी म्हटलं, "राहू द्या जरा."